नागपुरातल्या कंपनीत एमआयएसला रुजू झालात? पहिले तीन महिने असे लावा

बुटीबोरीचा कारखाना असो, वाडीचं गोदाम, इतवारीतल्या ठोक दुकानाचं ऑफिस की धंतोलीतलं हॉस्पिटल, 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' (कंपनीतले आकडे जमवून रिपोर्ट बनवणारा माणूस) म्हणून तिथे नव्याने लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. एक्सेल येत असतं, पॉवर बीआय या आलेख-तक्ते बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा कोर्सही झालेला असतो. पहिल्या दिवशी मॅनेजर म्हणतात, "आपल्याकडे डेटा भरपूर आहे, त्यातून काहीतरी काढून दाखवा." मग ते 'काहीतरी' शोधण्यात वर्ष निघून जातं. रंगीत तक्ते तयार होतात, मीटिंगमध्ये दोनदा उघडले जातात आणि लोक आपल्या डायऱ्यांकडे परत जातात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याच्या हातून नोंद होते त्याच्या रोजच्या कामाला ती नोंद उपयोगी पडली, तरच सिस्टीम टिकते. गोदामातला सुपरवायझर दिवसभर आकडे भरतो, ते वर जातात, आणि त्याच्याकडे खाली येतो तो फक्त जाब. असं दोन महिने चाललं की तो संध्याकाळी एकदाच बसून अंदाजाने रकाने भरू लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे टाळण्यासाठी आहेत.

उदाहरण एकच धरू. समजा, वाडीत एका वितरकाचं गोदाम आहे. कंपन्यांकडून माल येतो आणि वर्धा, भंडारा, चंद्रपूर, छिंदवाडा, रायपूरकडे जातो. बिलिंग टॅलीत होतं, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, गाड्यांची नोंद गेटवरच्या रजिस्टरात आणि उधारीचा हिशेब अकाउंट्सच्या ताईंच्या एक्सेलमध्ये असतो. तुमच्याकडे मालाऐवजी पेशंट असतील किंवा संत्र्याच्या पेट्या, क्रम हाच ठेवा.

पहिला आठवडा: एका ऑर्डरच्या मागे चाला

एक ऑर्डर निवडा आणि ती आल्यापासून तिचे पैसे बँकेत जमा होईपर्यंत तिचा पिच्छा सोडू नका. सेल्समनने ती कुणाच्या फोनवर पाठवली, बिलिंगवाल्याने टॅलीत कधी घेतली, माल कुणी काढला, चलान कधी झालं, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) कुणी आणली, पार्टीने पोच कशी कळवली, हे सगळं वहीत वेळेसकट लिहा. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा: "काका, सिस्टीम सोडून तुम्ही स्वतःसाठी काय लिहून ठेवता?" बहुतेकांकडे काही ना काही निघतं. खिशातली डायरी, भिंतीवर चिकटवलेला कागद, स्वतःच्याच नंबरवर पाठवलेले मेसेज. हे फार काळजीपूर्वक बघा. कामाला रोज लागणारी आणि सिस्टीममध्ये कुठेच न मिळणारी माहिती तिथे असते. 'अमुक ट्रान्सपोर्टवाला चारनंतर माल घेत नाही' ही डायरीतली ओळ तुमच्या पहिल्या रिपोर्टचा पाया ठरू शकते.

त्याच आठवड्यात, आपोआप पडणाऱ्या नोंदी कोणत्या आहेत तेही शोधा. नवखी माणसं नेमकं हेच सोडून देतात आणि गोदामावर आणखी एक फॉर्म लादतात. गाडी कधी निघाली हे हवं आहे ना? साधारणपणे ५० हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल हे वाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र लागतं (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे) आणि ते कधी तयार झालं त्याची तारीख-वेळ त्यावर असते. गाडी स्वतःची असेल तर फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये पहिल्या टोलनाक्याची वेळ सापडते. धर्मकाट्याच्या पावतीवर वजनासोबत वेळही छापून येते. ई-वे बिल आधी काढून ठेवतात आणि गाडी नंतर हलते, हे खरं आहे, पण टोलच्या वेळेशी ताडून पाहिलं की तेवढा फरकही कळतो. हे कागद हाताशी असताना सुपरवायझरकडून 'निघण्याची वेळ' असा रकाना भरून घेऊ नका. तो बिचारा घाईत 'सकाळी १०' लिहील आणि तुम्ही त्यावर आलेख काढाल.

प्रश्न एकच, आणि तोही गोदामाचा

मालकांना विचारलं तर दहा प्रश्न मिळतील आणि दहाही खरे असतील. तुम्ही एक निवडा. उत्तर मिळाल्यावर उद्या सकाळी कोण काय वेगळं करणार, हे ज्या प्रश्नाबाबत नाव घेऊन सांगता येतं तो कामाचा. 'सेल्सचं ॲनालिसिस' या कसोटीवर टिकत नाही. 'चंद्रपूर लाइनच्या कोणत्या ऑर्डरी आज संध्याकाळच्या गाडीत चढणार नाहीत, हे दुपारी १ वाजता कळेल का?' हा टिकतो, कारण ते कळलं तर सुपरवायझर तो माल आधी काढायला लावील आणि सेल्समन पार्टीला वेळेवर फोन करील. कळमन्यात संत्र्याचं काम असेल तर 'आजच्या आवकेतला किती माल उद्यावर जाणार?' असं विचारा. कारखान्यात असाल तर 'या आठवड्यात एकाच कारणाने दोनदा बंद पडलेलं मशीन कोणतं?'

पहिला प्रश्न शक्यतो गोदामाचा घ्या, मालकांचा दुसरा. मालकांच्या प्रश्नाला लागणारे आकडेही शेवटी गोदामच भरणार आहे. "भाऊ, हे भरून आम्हाले काय भेटते?" असं कुणीतरी तुम्हाला पहिल्याच महिन्यात विचारील. त्या वेळी दाखवायला हातात काहीतरी हवं. मॅनेजरना हे सरळ सांगा: "सर, पहिला दीड महिना मी एवढ्याच गोष्टीच्या मागे लागतो, मग वसुलीचा रिपोर्ट घेऊ." कारण सांगितलं की बहुतेक मॅनेजर ऐकतात.

प्रश्न ठरला की काय मोजायचं आणि कोणत्या क्षणी, हे कागदावर लिहा. गाडी गेली असं केव्हा म्हणायचं? बिलिंगवाल्यासाठी बिल निघालं की माल गेला. सुपरवायझरसाठी लोडिंग संपलं की. पार्टीसाठी तर माल दुकानात उतरेपर्यंत काहीच गेलेलं नसतं. तिघंही बरोबर आहेत, म्हणूनच मीटिंगमध्ये तिघांचे आकडे वेगवेगळे येतात आणि अर्धा तास भांडणात जातो. तिघांना एकत्र बसवून एक क्षण ठरवा, तो मराठीत दोन ओळींत लिहा आणि कागद बिलिंगच्या टेबलाजवळ लावून टाका.

मास्टर साफ करणं

मास्टर म्हणजे पार्ट्या, गावं, माल यांची मूळ यादी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कंटाळवाणं आहे, दिसायला काहीच नाही, आणि तरी तुमच्या पुढच्या प्रत्येक आकड्याची किंमत इथे ठरते.

सुरुवात पार्टीच्या नावांपासून करा. एकच दुकान 'श्री गणेश ट्रेडर्स', 'गणेश ट्रेडर्स वर्धा' आणि 'श्रीगणेश ट्रेडिंग' अशा तीन नावांनी बसलेलं असतं. त्यामुळे तिघांची उधारी मर्यादेत दिसते, आणि एकत्र केली तर मर्यादेबाहेर जाते. जुळवताना जीएसटी क्रमांकाचा आधार घ्या. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२), पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि सगळ्यात शेवटचं अक्षर पडताळणीचं. छिंदवाड्याच्या पार्टीचा क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर थांबून बघा. मात्र हा क्रमांक म्हणजेच दुकान असं धरू नका. एकाच राज्यातली दोन दुकानं एका क्रमांकावर चालू शकतात आणि छोट्या दुकानदाराकडे क्रमांक नसेलही. म्हणून प्रत्येक पार्टीला आपला स्वतःचा कोड द्या आणि जीएसटी क्रमांक पडताळणीसाठी बाजूच्या रकान्यात ठेवा.

गावांच्या बाबतीत पिनकोड घ्याच. विदर्भात एका नावाची गावं किती, हे इथल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. कन्हान-पिपरी नागपूर जिल्ह्यात, आणि वर्ध्याला लागून दुसरी पिपरी. नुसतं 'पिपरी' लिहिलेला माल कुठे जाईल हे त्या दिवशी कोण ड्युटीवर आहे त्यावर ठरतं.

मग मोजमापं. टॅलीत 'नग', गोदामात 'पेटी', कंपनीच्या बिलावर 'केस'. एका पेटीत किती नग हे प्रत्येक मालासाठी एकाच ठिकाणी लिहिलेलं हवं, आणि कंपनीने पॅकिंग बदललं तर कोणत्या तारखेपासून तेही.

तारखांनी तर जाणत्या माणसांनाही रडवलं आहे. संगणकावर अमेरिकन पद्धत लागलेली असेल तर ०४/०५/२०२५ ही आपली ४ मे एक्सेल ५ एप्रिल म्हणून घेतं आणि काहीच बोलत नाही. १४/०५/२०२५ ला मात्र चौदावा महिना नसल्याने ते साधा मजकूर समजून सोडून देतं. ओळखायची खूण सोपी आहे: महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या तारखा रकान्यात उजवीकडे चिकटलेल्या आणि १३ पासूनच्या डावीकडे, असं दिसलं की फाइल बिघडली आहे. आपोआप तारखा करण्याची ही खोड इतकी जुनी आहे की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशा वळणाची नावं चक्क बदलून टाकली. एक्सेल काही सुधारत नव्हतं, म्हणून जनुकांची नावं सुधारली! तुम्ही निदान तारखेचा रकाना दिवस-महिन्याचं नाव-वर्ष अशा रूपात ठेवा, म्हणजे डोळ्याला चूक दिसते.

बाकीच्या सवयी थोडक्यात. एका ओळीत एकच व्यवहार. एक्सेलमधले चौकोन (सेल) एकमेकांना जोडून टाकायचे नाहीत. पिवळा रंग म्हणजे 'पेमेंट बाकी' असा अर्थ रंगात लपवायचा नाही, त्यासाठी वेगळा रकाना करायचा. नावामागच्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या. शून्याने सुरू होणारा कोड मजकूर म्हणूनच ठेवायचा, नाहीतर शून्य गळून जातं.

हाताने ताळा घ्या

आकडा कुणालाही दाखवण्याआधी वीसेक व्यवहार काढा आणि कागदाशी, मालाशी प्रत्यक्ष जुळवा. रॅकपाशी जा, पेट्या मोजा. मोजणी सुपरवायझरसोबत करा, त्याच्या पाठीमागे करू नका. चूक सापडली तर त्याच्यासमोर सापडू द्या, म्हणजे ती दोघांची होते.

आपल्या देशात या कामाची मोठी परंपरा आहे. १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमधल्या पीक पाहण्यांत दोन स्वतंत्र तुकड्यांकडून वेगवेगळे नमुने गोळा करून घेत आणि त्यांच्या निष्कर्षांत किती तफावत येते ते तपासत. आकडे गोळा करण्यातच चूक किती शिरते, हे त्यावरून कळे. तुम्हीही महिन्यातून एकदा एका रॅकची मोजणी दोघांकडून, एकमेकांना न सांगता करून घ्या. फरक येईलच. तो किती आहे ते कळलं की शिल्लक मालाच्या आकड्यावर किती विसंबायचं हे ठरवता येतं.

टॅलीत एखाद्या मालाची शिल्लक उणे दिसली तर घाबरू नका. पुष्कळदा माल विकल्याची नोंद आधी झालेली असते आणि खरेदीचं बिल चढवायचं राहिलेलं असतं. उणे शिल्लक किती मालांची आहे हे दर सोमवारी बघितलं, तरी आवकेच्या नोंदी किती मागे पडल्या आहेत याचा अंदाज येतो.

एका फाइलमधून दुसरीकडे माहिती नेताना ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळते का ते प्रत्येक वेळी बघा. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले होते. प्रयोगशाळांची माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये घेतली जात होती, त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते आणि उरलेली माहिती गुपचूप गळत होती. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना त्यामुळे उशिरा कळवलं गेलं. नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात, पण ओळी मोजायची सवय तरीही सोडू नका.

पहिला रिपोर्ट: एक पान, वेळेवर

डॅशबोर्ड नंतर. आधी एक पान करा. मराठीत, काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये वाचता येईल असं, आणि ज्याला त्यावरून काम करायचं आहे त्याच्या हातात वेळेवर पडेल असं. आपल्या उदाहरणात दुपारी १ वाजता सुपरवायझरला चंद्रपूर लाइनच्या अडकलेल्या ऑर्डरींची यादी मिळाली पाहिजे: पार्टी, माल, किती पेट्या, अडकण्याचं कारण. ती ३ वाजता आली तर तिचा काही उपयोग नाही, मग ती कितीही देखणी असो.

सरासरी जपून वापरा. दहा गाड्यांपैकी नऊ ४० मिनिटांत भरल्या आणि एक पावसात अडकून ९ तास उभी राहिली, तर सरासरी येते ९० मिनिटं. प्रत्यक्षात ९० मिनिटं एकाही गाडीला लागलेली नाहीत. वेळा चढत्या क्रमाने मांडून मधली सांगा, ती ४० येते, आणि त्या अडकलेल्या गाडीबद्दल वेगळी ओळ लिहा. आकडे लहान असताना टक्केवारी टाळा. चारपैकी दोन ऑर्डरी राहिल्या तर 'चारपैकी दोन' असंच लिहा.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायची सवय सगळ्यांनाच असते. आपल्याकडे ती फसते, कारण बाजार पंचांगावर चालतो. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये ते ऑक्टोबरमध्येच आलं. ऑक्टोबर ते ऑक्टोबर लावलं तर विक्री उगाच वाढलेली दिसेल आणि नोव्हेंबरला सगळे तोंड पाडून बसतील. दिवाळीआधीचे तीस दिवस मागच्या दिवाळीआधीच्या तीस दिवसांशी लावा. संत्र्याच्या धंद्यात आंबिया आणि मृग या दोन बहारांचे हिशेब वेगळे ठेवा. कूलरच्या धंद्यात नागपूरचा उन्हाळा किती लवकर तापला यावर सगळं असतं. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, इतवारी-महाल भागातल्या डिलिव्हरी का थांबल्या हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. आपल्या तारखांच्या तक्त्यात सण, बाजार बंद आणि मोठे मोर्चे यांसाठी एक रकाना ठेवा. हिवाळी अधिवेशनाच्या काळात तो फार कामी येतो.

आठवड्यातून पंधरा मिनिटं

वार ठरवून पंधरा मिनिटं बसा: सुपरवायझर, बिलिंग, अकाउंट्स, एखादा सेल्समन. तीन गोष्टी बोला. यादीतलं काय चुकीचं निघालं? यादीमुळे कोणतं काम वाचलं? कोणता रकाना बंद करता येईल? तिसरा प्रश्न मनापासून विचारा आणि निदान महिन्यातून एक रकाना खरोखर बंद करा. तुमच्यावरचा विश्वास याने जितका वाढतो, तितका दुसऱ्या कशानेही वाढत नाही.

मॅनेजरशी एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. या आकड्यांवरून पहिले तीन महिने कुणालाही दंड नाही, कुणाचा इन्सेंटिव्ह कापायचा नाही. उशिरा निघालेल्या गाडीला दंड लावला की बिलच उशिरा फाडलं जाईल, म्हणजे कागदावर गाडी वेळेवर. माल तितकाच उशिरा पोचेल आणि तुमच्या हातातला खरा आकडा कायमचा गेलेला असेल. माणसं खोटारडी असतात म्हणून हे होत नाही. घर चालवायचं असतं, पगार वाचवायचा असतो, आणि कुणीही तेच करील. हे मॅनेजरला समजावणं हा तुमच्या नोकरीचाच भाग आहे.

किल्ल्या, बॅकअप, परवानग्या

हे थोडक्यात, पण चुकवू नका. कामगारांचे आधार क्रमांक, पार्ट्यांचे मोबाइल नंबर, पेशंटची नावं असलेली शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती ठेवणाऱ्यावर टाकली आहे. टॅलीचा पासवर्ड सगळ्यांचा एकच नको. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदीतला प्रत्येक बदल टिपून ठेवणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. एकाच लॉगिनवर पाच जण बसले तर तो बदल कुणी केला हे कळायची सोयच राहत नाही. बॅकअप रोज घ्या, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडून बघा.

एआयच्या चॅटबॉटकडून फॉर्म्युला लिहून घ्या, जरूर घ्या. नवख्याला तो चांगला आधार आहे. पार्टीची यादी, दर आणि उधारी मात्र त्यात चिकटवू नका. खोटी नावं टाकून पाच ओळींचा नमुना द्या, आलेला फॉर्म्युला त्या पाच ओळींवर हाताने तपासा, मगच खऱ्या फाइलवर लावा.

मोठं सॉफ्टवेअर कधी?

एक पानाची यादी सलग काही आठवडे वापरली गेली, लोक ती उशिरा आली तर स्वतःहून फोन करू लागले, आणि तीच नोंद दोन ठिकाणी करावी लागते म्हणून तक्रार येऊ लागली, की पॉवर बीआय, ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा गोदामाचं वेगळं सॉफ्टवेअर याचा विचार सुरू करा. विक्रेता डेमो द्यायला आला तर त्याच्या नमुन्याच्या फाइलवर बघू नका. तुमच्या साफ केलेल्या मास्टरमधले दोनशे व्यवहार द्या, सुपरवायझरला शेजारी बसवा आणि एक परत आलेला माल, एक अर्धी गेलेली ऑर्डर, एक दर बदललेलं बिल त्याच्याकडूनच भरून घ्या. लाइट किंवा नेट गेल्यावर काय होतं तेही तिथेच विचारा. आपली सगळी माहिती बाहेर काढायची झाली तर कोणत्या रूपात मिळेल, याचं उत्तर लेखी घ्या.

तीन महिने झाले की तुमच्या आधीपासून चालत आलेल्या रिपोर्टांची यादी काढा. रोज सकाळी मेलवर जाणारे, दर शनिवारी छापले जाणारे, सगळे. कायद्याने आणि जीएसटीसाठी लागणारे बाजूला ठेवा, मॅनेजरना विचारा आणि उरलेल्यांपैकी ज्यांच्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढलेला नाही ते पंधरा दिवस थांबवा. कुणी विचारलं तर त्याच दिवशी सुरू करा आणि ते कोणत्या कामासाठी वापरतात ते लिहून घ्या. कुणीच विचारलं नाही तर तो वेळ मालकांच्या त्या दुसऱ्या प्रश्नाला द्या. वसुलीचा रिपोर्ट राहिलाच आहे, आणि अकाउंट्सच्या ताईंच्या एक्सेलमध्ये कोणते पिवळे रंग कशासाठी आहेत हे विचारण्यापासून तो सुरू होतो.